छपाईची रांग

पिठाच्या गिरणीचा अनुभव आपणांपैकीं बहुतेकांस असेलच. घरांतील एखादा मुलगा सकाळीं गव्हाचा डबा घेऊन गिरणीवर जातो, तो इतर डब्यांच्या मागें रांगेंत ठेवतो, वर नांवाची चिठ्ठी लावतो, ‘पोळ्यांचें आहे, बारीक दळा’ असें सांगतो आणि शाळेची वाट धरतो. आपला डबा जात्यांत पडेपर्यंत तो तेथें ताटकळत बसत नाहीं. संध्याकाळीं परत यावें तों पीठ तयार. या साध्या व्यवहारांत चार गोष्टी गृहीत धरलेल्या आहेत. काम सोपवून निघून जातां येतें. आपला नंबर कितवा हें मध्येंच येऊन विचारतां येतें. बेत बदलल्यास आपला डबा परत नेतां येतो. आणि दुसऱ्याच्या डब्यास मात्र हात लावतां येत नाहीं.

संगणकापुढें बसून, कळफलकावर शब्द टाइप करून, ‘हें छाप’, ‘तें थांबव’, ‘माझें काम कोठवर आलें तें सांग’ अशा आज्ञा देण्याची जी पद्धत आहे, तिचा इतिहास मी आज आपणांस सांगणार आहें. तो इतिहास म्हणजे गिरणीवरच्या या चार सोयी माणसाच्या पदरीं हळूहळू कशा पडल्या याची हकीकत होय.

प्रथम हा प्रश्न उत्पन्नच कां झाला तें पाहूं. संगणक आणि छपाईचें यंत्र यांची जोडी पहिल्यापासूनच विजोड. एकाची गति विजेची, दुसऱ्याची लोखंडाची. १९५९ सालीं आयबीएम या अमेरिकन कंपनीनें १४०३ या क्रमांकाचें छपाईयंत्र बाजारांत आणलें. त्यांत अक्षरांची एक साखळी कागदापुढून आडवी वेगानें फिरे. कागदाच्या मागें १३२ लहान हातोडे असत, ओळींतील प्रत्येक जागेसाठीं एक. हवें तें अक्षर हव्या त्या जागेसमोर आलें कीं तेथला हातोडा कागदावर आदळे, आणि अशा ठोक्यांनीं ओळ पुरी होई. मिनिटास ६०० ओळी हा त्या यंत्राचा वेग. ओळीमागून ओळ उठविणारें, म्हणून अशा यंत्रास ‘लाइन प्रिंटर’ हें नांव पडलें. श्रोत्यांनीं हें नांव ध्यानांत ठेवावें. पुढें त्याची गांठ पुन्हां पडावयाची आहे.

मिनिटास ६०० ओळी हा वेग आपणांस थोडा वाटणार नाहीं. परंतु त्याच कंपनीचा त्याच काळचा ७०९० हा संगणक सेकंदास दोन लक्षांहून अधिक बेरजा करी. छपाईयंत्र एक ओळ उठवी तेवढ्या अवधींत संगणकाच्या वीस हजार बेरजा होऊन जात. अशा अत्यंत महागड्या यंत्रानें हातोड्यांची वाट पाहत बसावें, हें कोणत्याही हिशेबी माणसास मानवणारें नव्हतें. म्हणून एक तोड निघाली. मोठ्या संगणकानें आपलीं उत्तरें चुंबकीय फितीवर भराभर लिहून मोकळें व्हावें. मग माणसानें ती फीत उचलून १४०१ नांवाच्या लहान संगणकावर चढवावी, आणि त्यानें सावकाश छपाई करून घ्यावी.

या व्यवस्थेंत यंत्राचा वेळ वांचला, माणसाचा मात्र वांचला नाहीं. ज्याचें काम असे तो भोंकें पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा खिडकींत देई आणि कांहीं तासांनीं, कधीं दुसऱ्या दिवशीं, कागदांची चवड घेण्यास येई. आपल्याकडेही तोच काळ येऊन गेला. १९६४ सालीं मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत सीडीसी ३६०० हा मोठा संगणक बसविण्यांत आला, आणि देशांतील इतर संस्थांचीं कामेंही तेथें होऊं लागलीं. गठ्ठा देणें आणि कागदाची वाट पाहणें ही त्या पिढीच्या संशोधकांची जगभरची दिनचर्याच होती. मधल्या वेळांत आपलें काम कोणत्या अवस्थेंत आहे, हें कळण्याचा मार्ग त्यांच्यापाशीं नव्हता. एखादा स्वल्पविराम चुकल्याचें छापील कागद हातीं पडल्यावरच समजे, आणि मग पुन्हां खिडकीपासून आरंभ.

फितीची ने-आण यंत्रानेंच करावी ही पुढची पायरी. इंग्लंडांतील मँचेस्टर विद्यापीठांत टॉम किलबर्न व त्यांचे सहकारी यांनीं सिद्ध केलेला ‘ॲटलस’ हा संगणक डिसेंबर १९६२ मध्यें सुरू झाला. त्याच्या कारभारांत दोन साठवणी होत्या, आणि त्यांना त्यांनीं चक्क ‘विहीर’ हा शब्द योजला होता. येणारीं कामें एका विहिरींत जमत. तयार झालेलीं उत्तरें दुसऱ्या विहिरींत पडत, आणि छपाईयंत्र तेथून आपल्या गतीनें उपसा करी. झरा कोणत्या वेगानें भरतो याची चिंता रहाटास नको, आणि रहाट कोणत्या वेगानें फिरतो याची झऱ्यास नको. या युक्तीस पुढें इंग्रजींत ‘स्पूलिंग’ हें नांव रूढ झालें. स्पूल म्हणजे दोऱ्याचें रीळ. एकीकडे गुंडाळावें, दुसरीकडे उलगडावें.

रांग लागली कीं तिच्याबरोबर रांगेचा तंटाही आलाच. पहिला मान कोणाचा? १९६० नंतरच्या दशकांत अमेरिकेच्या अवकाशसंस्थेच्या ह्यूस्टन येथील केंद्रांत अशी रांग सांभाळणारी एक कार्यप्रणाली तयार झाली. तिच्या चार शब्दी नांवांतील शेवटचा शब्द ‘प्रायॉरिटी’, म्हणजे अग्रक्रम, हा होता. कोणाचें काम आधीं घ्यावयाचें हा प्रश्न किती लवकर ऐरणीवर आला होता हें त्या नांवावरूनच दिसतें.

आतांपर्यंतच्या कथेंत ज्याचें काम तो माणूस खिडकीबाहेरच उभा आहे. त्याला आंत आणण्याचें श्रेय मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या विद्यापीठाकडे बरेंचसें जातें. तेथें नोव्हेंबर १९६१ मध्यें फर्नांडो कोर्बातो व त्यांच्या सहकाऱ्यांनीं एकाच संगणकावर अनेकांनीं एकाच वेळीं, आपापल्या टंकयंत्रापुढें बसून, काम करण्याची पद्धत चालवून दाखविली. खिडकी गेली आणि तिच्या जागीं टाइप केलेली आज्ञा आली. ओळीच्या आरंभीं एक शब्द लिहावा, पुढें आपल्या मजकुराचें नांव लिहावें, आणि संगणकानें तें काम हातीं घ्यावें. हीच ती आज्ञेची ओळ.

परंतु आज्ञा देणारा उठून गेल्यावर छपाईवर नजर कोणी ठेवावी? त्यासाठीं पडद्यामागें अखंड जागा राहणारा एक कार्यक्रम योजण्यांत आला. त्याला त्या मंडळींनीं ‘डीमन’ असें नांव दिलें. हें नांव पदार्थविज्ञानांतून आलें. जेम्स क्लार्क मॅक्सवेल या शास्त्रज्ञानें १८६७ सालीं, रेणूंची निवडानिवड करीत अखंड राबणारा एक काल्पनिक जीव कल्पिला होता. त्याचीच ही आठवण, असें कोर्बातो यांनीं पुढें सांगितलें आहे. आपल्या कथांतील वेताळासारखा हा सेवक दिसत नाहीं. सांगितलेलें काम मात्र तो सोडीत नाहीं. याच विद्यापीठाच्या पुढच्या ‘मल्टिक्स’ प्रणालींत छपाईच्या आज्ञेचें नांवच ‘डीप्रिंट’ होतें, आणि त्यांतील पहिलें अक्षर या अदृश्य सेवकाचें होतें.

मल्टिक्सच्या उद्योगांत बेल प्रयोगशाळा भागीदार होती. १९६९ सालीं ती त्यांतून बाहेर पडली, आणि तेथील केन टॉम्प्सन व डेनिस रिची यांनीं एका लहानशा यंत्रावर ‘युनिक्स’ ही प्रणाली उभी केली. तिला पहिलें खरें गिऱ्हाईक मिळालें तें कागदाच्याच पायीं. प्रयोगशाळेच्या पेटंट कचेरींत अर्ज नीटनेटके टाइप करून घेण्याची नड होती, आणि १९७१ च्या सुमारास तें काम युनिक्सनें पत्करलें. छापील कागदाची गरज ही अशा रीतीनें या प्रणालीच्या बाल्यापासूनची सोबतीण आहे.

१९७९ सालीं प्रसिद्ध झालेल्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तींत ‘एलपीआर’ नांवाची आज्ञा आढळते. यांतील ‘एलपी’ म्हणजे आपला तो जुना लाइन प्रिंटर. ही आज्ञा आणि पुढें मजकुराचें नांव लिहिलें कीं तो रांगेस लागे. तिला जोडावयाच्या एक-एक अक्षरी खुणाही होत्या, आणि त्या पाहिल्या कीं त्या रचणाऱ्यांनीं वाट पाहणाऱ्या माणसाचा किती विचार केला होता हें उमजतें. एका खुणेनें मजकुराची स्वतंत्र प्रत काढून ठेवली जाई. कारण रांगेंत असतांना मूळ मजकुरांत कोणी फेरफार केला तर भलतेंच छापलें जावयाचें. दुसऱ्या खुणेनें रांगेस लागतांच मूळ मजकूर काढून टाकला जाई. जागा महाग होती. तिसऱ्या खुणेनें छपाई पुरी झाल्याचा निरोप टपालानें, म्हणजे संगणकावरील टपालानें, मिळे. संध्याकाळीं गिरणीवर हेलपाटा घालण्यापूर्वीं ‘दळण झालें आहे, या’ असा निरोप घरीं यावा, तशांतला हा प्रकार.

राहिल्या होत्या विचारण्याच्या आणि परत घेण्याच्या सोयी. त्यांना नेटकें रूप दिलें कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील मंडळींनीं. त्यांच्या युनिक्सच्या १९८३ सालच्या आवृत्तींत आज्ञांचें एक कुटुंबच नांदत होतें. ‘एलपीआर’ काम सोपवी. ‘एलपीक्यू’ रांग दाखवी: पहिलें कोणाचें, दुसरें कोणाचें, प्रत्येकाचा आकार किती. ‘एलपीआरएम’ दिलेलें काम मागें घेई. ‘एलपीसी’ ही कारभाऱ्याची आज्ञा. तिनें यंत्र थांबवावें, सुरू करावें, रांगेचा क्रम बदलावा. यांत नियम असा कीं साध्या माणसास फक्त स्वतःचेंच काम काढून टाकतां येई. दुसऱ्याच्या कामास हात लावण्याचा अधिकार एकट्या कारभाऱ्याचा. मात्र रांग पाहण्याचा अधिकार सर्वांचा. आपल्या पुढें कोण आहे आणि कां, हें ज्याला त्याला दिसत असे. शिवाय या आज्ञा तारेच्या जाळ्यावरून दुसऱ्या खोलींतील, दुसऱ्या इमारतींतील यंत्रापर्यंत पोंचत. यंत्रांच्या या आपसांतील बोलीचें वर्णन १९९० सालीं स्वतंत्रपणें लिहून प्रसिद्ध करण्यांत आलें.

त्याच काळीं युनिक्सची दुसरी शाखा, एटी अँड टी कंपनीची ‘सिस्टिम फाइव्ह’, हीही १९८३ सालीं बाहेर पडली. तिच्या आज्ञांचीं नांवें निराळीं: सोपविण्यास ‘एलपी’, चौकशीस ‘एलपीस्टॅट’, रद्द करण्यास ‘कॅन्सल’. येथें एक सुरेख रिवाज होता. काम सोपवितांच संगणक पावती देई, यंत्राचें नांव आणि पुढें अनुक्रमांक. तीच पावती दाखवून चौकशी करावी, तीच दाखवून काम रद्द करावें. दुसरी गोष्ट अशी कीं, या शाखेनें कारभाऱ्यास दोन वेगळीं दारें दिलीं. रांगेंत नवें काम घ्यावें कीं न घ्यावें हें एक दार. आलेलें काम छापावें कीं थांबवून ठेवावें हें दुसरें. पट्टा तुटला तर गिरणीवाला जातें बंद ठेवतो, पण डबे ठेवून घेतो. उलट सणासाठीं चार दिवस गांवीं जावयाचें असलें तर तो आधींपासून नवे डबे घेत नाहीं, आणि असलेले तेवढे दळून टाकतो. हा भेद आज्ञांच्या भाषेंतही जसाच्या तसा उतरला.

आतां एक प्रसंग सांगतों. या इतिहासाचें मर्म त्यांत आहे. मॅसॅच्युसेट्सच्या त्याच विद्यापीठांतील कृत्रिम बुद्धीच्या प्रयोगशाळेंत रिचर्ड स्टॉलमन हा तरुण काम करी. तेथील छपाईयंत्र दुसऱ्या मजल्यावर असे, आणि कागद अडकून तें वरचेवर बंद पडे. स्टॉलमननें त्याच्या कार्यक्रमांत भर घातली: छपाई संपली कीं ज्याचें काम त्याला निरोप जावा, आणि कागद अडकला कीं जे जे वाट पाहत आहेत त्या सर्वांना निरोप जावा. मग कोणी ना कोणी उठून कागद मोकळा करी. यंत्राचा दोष गेला नाहीं, परंतु तो सर्वांना दिसूं लागला, आणि तेवढ्यानें काम भागलें. १९८० च्या सुमारास झेरॉक्स कंपनीनें प्रयोगशाळेस लेसर किरणांवर चालणारें नवें यंत्र भेट दिलें. तें अधिक वेगवान व सुबक होतें, पण त्याच्या कार्यक्रमाचा मूळ मजकूर सोबत नव्हता. त्यामुळें ती भर घालतां येईना. पुन्हां तोच प्रकार: लोक तासानें यंत्रापाशीं जात आणि कागद केव्हांचाच अडकलेला आढळे. दुसऱ्या एका विद्यापीठांतील गृहस्थांकडे तो मूळ मजकूर आहे असें कळल्यावर स्टॉलमननें तो मागितला. तो कोणास न देण्याचें वचन आपण दिलें आहे, असें उत्तर मिळालें. हा नकार त्याच्या मनाला लागला. २७ सप्टेंबर १९८३ रोजीं त्यानें ‘ग्नू’ या मुक्त प्रणालीची घोषणा केली, आणि तिच्यामागील कारणांत या छपाईयंत्राची आठवण तो स्वतः वारंवार सांगत आला आहे. रांगेंत उभ्या असलेल्या माणसाला ‘कागद अडकला आहे’ एवढें कळावें कीं नाहीं, या लहानशा प्रश्नाची एका मोठ्या चळवळीच्या उगमाशीं अशी गांठ पडलेली आहे.

आपल्या लिपीच्या दृष्टीनेंही याच काळांत एक बदल घडला. लाइन प्रिंटरची साखळी म्हणजे मोजक्या रोमन अक्षरांची मिरवणूक. तिची नेहमींची भरती ४८ चिन्हांची. एका जागीं एक ठोका, एक अक्षर. काना, मात्रा, वेलांटी, उकार आणि जोडाक्षरें यांच्या देवनागरीला त्या साखळींत बसवावें कोठें? ठिपक्यांनीं अक्षर रेखाटणारीं यंत्रें आलीं तेव्हां ही अडचण बरीच सैल झाली. पुढें १९८४ सालीं जॉन वॉर्नॉक आणि चार्ल्स गेश्के यांच्या अडोबी कंपनीनें ‘पोस्टस्क्रिप्ट’ ही भाषा प्रसिद्ध केली. तींत संबंध पान म्हणजे एक चित्र. अक्षरांचे आकार रेषा-वक्रांनीं सांगितलेले. रांगेंतून जाणारा जिन्नस अक्षरें आहेत कीं आकृति, याची चौकशी रांगेस करण्याचें कारण उरलें नाहीं. एकदां पान नीट रचून दिलें कीं मराठीचें पान आणि इंग्रजीचें पान एकाच आज्ञेनें, एकाच रांगेंतून जाऊं लागलें.

या दोन्ही शाखा पुढें एका अंगणांत आल्या त्या ‘कप्स’ या कार्यप्रणालीमुळें. मायकेल स्वीट यांनीं १९९७ सालीं तिचें काम आरंभिलें आणि १९९९ सालीं ती प्रसिद्ध केली. आंतील यंत्रणा तिनें सर्वस्वीं नवी बसविली. पण बर्कलीच्या आज्ञा आणि सिस्टिम फाइव्हच्या आज्ञा अशा दोन्ही तिनें चालू ठेवल्या, म्हणजे जुन्या माणसांचा हात अडूं नये. २००२ सालीं ॲपल कंपनीनें ती आपल्या संगणकांत घेतली, २००७ सालीं तिचा मूळ मजकूरही विकत घेतला. लिनक्स वापरणाऱ्यांपैकीं बहुतेकांची छपाई आज तिच्याच द्वारें होते. तिच्या ‘एलपी’ आज्ञेंत प्रतींची संख्या सांगतां येते. १ ते १०० यांमधील अग्रक्रम देतां येतो, आणि कांहींच न सांगितल्यास तो ५० धरला जातो. ‘अमुक वाजेपर्यंत थांब’ असेंही बजावतां येतें. लोखंडी साखळीचे ते लाइन प्रिंटर आतां फारसे कोठें दृष्टीस पडत नाहींत. पण शाईचे तुषार उडविणाऱ्या आणि लेसरनें छापणाऱ्या यंत्रांनाही आज्ञा द्यावयाची ती ‘एलपी’ याच नांवानें. वाडा पडावा आणि गल्लीनें त्याचें नांव चालवावें, तसें हें झालें आहे.

आज आपल्या घरीं छपाईची आज्ञा देण्यास एक चित्र दाबलें कीं पुरतें. सोय झाली यांत शंका नाहीं. परंतु चित्र दाबल्यावर कागद आला नाहीं, म्हणजे आपण काय करतों? पुन्हां दाबतों, आणखी एकदां दाबतों. आणि मग यंत्र अचानक जागें होऊन त्याच पानाच्या पांच प्रती बाहेर टाकतें! मधली रांग आपणांस दिसत नाहीं, म्हणून आपण एकच डबा पांच वेळां ठेवून येतों. ज्याला त्या दोन-चार आज्ञा ठाऊक आहेत, तो रांग विचारून पाहतो, अडलेलें एक काम काढतो आणि बाकीच्यांची वाट मोकळी करून देतो. त्याच्या हातचें यंत्र अधिक चांगलें असतें असें नव्हे. रांगेंत काय चाललें आहे तें त्याला दिसतें, एवढाच फरक.

श्रोतेहो, एका जात्यावर अनेकांचें दळण असावें हें आपल्याला नवें नाहीं. तें सुखानें चालतें तें जात्याच्या वेगामुळें थोडें, आणि रांग सर्वांना दिसते, चिठ्ठीवर नांव असतें, विचारणाऱ्याला उत्तर मिळतें यामुळें फार. छपाईच्या या आज्ञा रचणाऱ्या मंडळींनीं हीच रीत काळजीपूर्वक यंत्रांत उतरविली. दिवसेंदिवस आपलीं अनेक कामें, बँकेचीं, रेल्वेचीं, कचेऱ्यांचीं, न दिसणाऱ्या रांगांतून जाऊं लागलीं आहेत. त्या प्रत्येक ठिकाणीं आपण एवढेंच विचारावें: माझी पावती कोठें आहे, माझा नंबर कितवा आहे, आणि माझा डबा मला परत घेतां येईल ना? हे तीन प्रश्न विचारण्याची सोय ज्या रांगेंत आहे, तींत वाट पाहणेंही जड जात नाहीं.